रात्री आठची खिचडी

फळा मुळात पाण्याचा होता. आमच्या कॉलनीच्या फाटकाशी, कडुनिंबाखाली, लोखंडी चौकटीत बसवलेला. नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता येणार, एवढंच त्यावर लिहायचं, आणि ते लिहायचं काम माझ्याकडे. कारण माझं अक्षर. पाटबंधारे खात्यात मी एकतीस वर्षं लिपिक होतो. त्या काळात माझ्या टिपणीतला मजकूर कोणी वाचला असेल-नसेल, पण अक्षराला कोणी नाव ठेवलं नाही. एक साहेब तर म्हणाले होते, "बाविस्कर, तुमची टिपणी नामंजूर करताना जिवावर येतं." ती टिपणी त्यांनी नामंजूर केली ही गोष्ट वेगळी.

दोन हजार वीसचा एप्रिल. जळगावचं ऊन चव्वेचाळीसवर आणि सगळं बंद. फाटकापर्यंत जाऊन दुधाची पिशवी आणणं हाच दिवसभरातला प्रवास. लोक फाटकाशी यायचे, तोंडावर रुमाल बांधून एकमेकांपासून लांब उभे राहायचे आणि दुसरं वाचायला काही नाही म्हणून पाण्याची वेळ पुन्हा पुन्हा वाचायचे. एके सकाळी पाण्याच्या वेळेखाली बरीच जागा उरली होती. मी सहज लिहिलं, 'आजची चांगली बातमी : आपल्या कडुनिंबाला मोहोर आला आहे.'

घरी येऊन कोकिळेला, म्हणजे माझ्या बायकोला, मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मोहोर तर आठ दिवसांपासून आहे."

"असेल. पण लोकांना आज कळला."

आणि खरंच कळला होता. त्या दिवशी माणसं फाटकाशी येऊन वर बघत होती. ज्यांनी त्या झाडाखाली पंधरा वर्षं स्कूटर लावली आणि फक्त पानगळीची तक्रार केली, ती माणसं वास घेत होती. मला वाटलं, आपण काहीतरी केलं. निवृत्तीनंतर माणसाला असं वाटण्याचे प्रसंग फार येत नाहीत, त्यामुळे मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी दोन नियम केले आणि तेही फळ्यावर लिहिले. बातमी आपल्या कॉलनीतली असेल. बातमी खरी असेल. हे दोन्ही नियम मी रंगीत खडूने अधोरेखित केले होते, हे आता आठवलं की कानाच्या पाळ्या गरम होतात.

सुरुवात चांगली झाली. सावद्याहून केळीचा ट्रक आला आणि भाव नाही म्हणून मालकाने फाटकाशी घड उतरवून दिले, ती बातमी झाली. कोणाच्या तरी नातवाचा पहिला दात, ती बातमी झाली. मग मी लिहिलं, 'रुपचंद नानांच्या कूलरमध्ये चिमणीने घरटे केले आहे.'

रुपचंद नाना म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. ते साधं बोलले तरी फलाटावर गाडी लागल्यासारखं वाटतं. घरट्याची गोष्ट त्यांनीच मला कौतुकाने सांगितली होती, आणि काड्या काढून ते दुपारी कूलर चालू करणार होते. पण बातमी फळ्यावर आल्यावर सगळ्या कॉलनीचं लक्ष त्या कूलरकडे लागलं. लहानथोर येऊन विचारू लागले, "नाना, कूलर लावला नाही ना?" नानांनी बावीस दिवस चव्वेचाळीस अंशांत ओला पंचा डोक्यावर घेऊन काढले. बाविसाव्या दिवशी पिल्लं उडाली. नाना माझ्या दारात आले आणि म्हणाले, "अभिमन, यापुढे माझ्या घरातली कोणतीही चांगली बातमी माझ्या परवानगीशिवाय सुटणार नाही."

मग पुनमचे बिबडे, म्हणजे आमच्याकडचे पातळ, वाळवणाचे पापड. बेबाबाईंची नवी सून पुनम; तिने गच्चीवर पहिल्यांदा ज्वारीचे बिबडे घातले आणि ते एकही न फाटता निघाले. मी लिहिलं, 'या वर्षी बेबाबाईंच्या गच्चीवर उत्तम बिबडे.' संध्याकाळी बेबाबाई फाटकाशी आल्या, वाचलं आणि मला हाक मारून विचारलं, "या वर्षी, म्हणजे? वीस वर्षं मी घालत होते ते काय होतं?" मी 'या वर्षी'च्या जागी 'याही वर्षी' केलं, तेव्हा पुनमने माझ्याशी बोलणं सोडलं.

असे किरकोळ अपघात सोडले तर फळा जोरात होता. फाटकाबाहेरून जाणारा पोलीस थांबून वाचायचा. फोटो काढून लोक आपापल्या गटांवर टाकायचे. कोणीतरी मला 'फळेवाले काका' म्हणू लागलं आणि मी ते ऐकू न आल्यासारखं दाखवून दोनदा ऐकायचो. कोकिळा म्हणाली, "खडू हातात घेऊन किती वेळ उभे राहता. लिहायला दोन मिनिटं लागतात." तिला काय सांगणार? माणसं बघत होती.

जूनमध्ये मांगीलालजींना नेलं.

मांगीलालजी कोठारी आमच्या समोरच्या, फाटकालगतच्या घरात राहतात. कापडाचं दुकान, वय बहात्तर, आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही. रविवारी सकाळी पांढऱ्या पोशाखातली माणसं आली. मांगीलालजी पायात चपला सरकवत खाली आले, घाईत मोबाईल उशीखालीच राहिला आणि गाडी गेली. त्यांची पत्नी झमकूबाई घरात एकट्या राहिल्या. त्यांची तपासणी ठीक आली, पण चौदा दिवस घराबाहेर पडायचं नाही म्हणून दाराला बांबू बांधले. मुलगा रोनक सुरतेत अडकलेला. आणि आम्ही सगळे शेजारी, ज्यांनी त्यांच्याकडे तीस वर्षं दिवाळीची मिठाई खाल्ली होती, ते रस्त्याकडच्या खिडक्या बंद करून बसलो. वारा त्या बाजूने येतो असं रुपचंद नानांनी जाहीर केलं होतं.

सोमवारी मी फळ्यावर बातमी लिहिली नाही. काय लिहिणार? मंगळवारी सकाळी खडू घेऊन गेलो तर समोरच्या गॅलरीत झमकूबाई उभ्या होत्या, चष्मा लावून. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, कोऱ्या फळ्याकडे बघत होत्या.

इथे मी स्वतःची बाजू मांडू शकतो. मला त्यांची दया आली. ते खरं आहे. पण रिकामा फळा मला बघवत नव्हता हेही खरं आहे, आणि दोन्हींत जास्त खरं कोणतं हे मला त्याच वेळी माहीत होतं. मी लिहिलं, 'मांगीलालजींची प्रकृती उत्तम आहे.'

झमकूबाईंनी हात जोडले. मला नव्हे, फळ्याला.

बुधवारी त्या माझ्या आधीच गॅलरीत येऊन उभ्या होत्या. आता 'प्रकृती उत्तम' एवढंच पुन्हा लिहिणं बरं दिसलं नसतं. मी लिहिलं, 'मांगीलालजींनी काल वॉर्डात चार फेऱ्या मारल्या.' गुरुवारी लिहिलं, 'मांगीलालजींनी वॉर्डातील रुग्णांना भजन म्हणून दाखवले.' कॉलनीत चैतन्य आलं. बंद खिडक्या उघडल्या. बेबाबाई गॅलरीखालून ओरडून म्हणाल्या, "काकू, काका तर तिथे मजेत आहेत." रोनकचा मला सुरतेहून फोन आला. "काका, दोन दिवस तिथला फोन लावतोय, लागत नाही. पण तुमच्या फळ्याचा फोटो बघितला आणि जीव भांड्यात पडला. तुम्ही आहात म्हणून मी निश्चिंत आहे."

मी त्याला म्हटलं, "अरे, आपलंच काम आहे."

हे वाक्य मी म्हटलं. फोन ठेवल्यावर कोकिळेने विचारलं, "तुम्हाला ही माहिती देतं कोण?"

"आतल्या गोटातून येते," मी म्हटलं. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि ती पोळ्या लाटायला गेली.

शुक्रवारी मी माझ्या कलेच्या शिखरावर होतो. मला वाटलं, भजनबिजन ठीक, पण अन्नाची बातमी माणसाला खरा धीर देते. मी लिहिलं, 'मांगीलालजींनी काल रात्री आठ वाजता दोन वाट्या खिचडी मागून खाल्ली.' 'मागून' या शब्दावर मी खूश होतो.

झमकूबाईंनी वाचलं. चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं आणि आत गेल्या.

दुपारी कोकिळा गॅलरीखाली दुधाची पिशवी ठेवायला गेली. झमकूबाई दोरीला पिशवी बांधून वर ओढून घ्यायच्या. त्या दिवशी दोरी खाली आलीच नाही. वरून त्या म्हणाल्या, "दूध नको, कोकिळाबाई. उद्यापासून मी तेला धरते आहे. तीन दिवस फक्त गरम पाणी."

"अहो काकू, तुम्हाला साखरेचा आजार. कशासाठी?"

"पंचेचाळीस वर्षं त्यांनी सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब घेतला नाही. भावाच्या लग्नात नाही, वडील गेले तेव्हा नाही. आणि आता रात्री आठला मागून खातात. म्हणजे एक तर त्यांना दिवस-रात्र कळत नाही, नाहीतर त्यांनी सगळी आशा सोडली. भाऊ मला धीर यावा म्हणून चांगलं चांगलं लिहितात, मला समजतं. त्यांच्या चुकीचा उपवास मी करते."

कोकिळा घरी आली आणि हे सगळं तिने मला जसंच्या तसं सांगितलं. माझ्या समोरच्या ताटात आमरस होता.

तीस वर्षं समोर राहिलो. कोठारी जैन, त्यांच्या घरी सूर्यास्ताच्या आत ताटं उचलली जातात हे कॉलनीतल्या कुत्र्यांनाही माहीत होतं. सहा वाजता ती त्यांच्या मागच्या दाराशी जमायची. मला माहीत नव्हतं असं नाही. मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

त्या क्षणी समोर जाऊन खरं सांगायला हवं होतं. पण एकतीस वर्षांच्या नोकरीने माणसाला एक सवय लागते. चूक झाली की तो कबुली देत नाही, शुद्धिपत्रक काढतो. शनिवारी सकाळी मी फळ्यावर लिहिलं, 'शुद्धिपत्रक : कालच्या बातमीत "रात्री आठ" ऐवजी "सकाळी आठ" असे वाचावे.'

झमकूबाईंनी ते वाचलं आणि अगदी प्रेमाने वरून म्हणाल्या, "राहू द्या भाऊ. तुमचं मन मोठं आहे."

माझं खोटं त्यांना खरं वाटलं होतं, आणि ते मी पुसायला गेलो तर ते पुसणं खोटं वाटत होतं. आता फक्त मांगीलालजींचा स्वतःचा आवाजच उपयोगी होता.

रविवारी मी फोन करायला बसलो. एका नंबरने दुसरा दिला, दुसऱ्याने तिसरा, तिसऱ्याने पुन्हा पहिला. शेवटी एका बाईंनी विचारलं, "पेशंटशी नातं?"

"शेजारी."

"शेजारी असा रकाना नाही. पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ."

"भाऊ लिहा."

"तुमचं आडनाव बाविस्कर, पेशंटचं कोठारी. भाऊ कसे?"

मी स्वतः याच प्रकारे किती अर्ज परत पाठवले असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही हे बरं आहे. बाई म्हणाल्या, "नातेवाइकाला फोन करायला सांगा." मी रोनकला सांगू शकलो असतो. पण त्याला काय सांगणार होतो? की बाबा, तू निश्चिंत आहेस ते राहू नकोस?

सोमवार हा त्यांच्या उपवासाचा शेवटचा दिवस. सकाळी त्या गॅलरीत आल्या नाहीत. मी रुपचंद नानांकडे गेलो. नानांजवळ अत्यावश्यक सेवेचा एक जुना पास होता, कोणत्या सेवेचा ते विचारायचं नाही. मी त्यांना सगळं सांगितलं. नानांनी ऐकून घेतलं, ओला पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "माझी चिमणी तरी खरी होती." मग त्यांनी गाडी काढली.

मांगीलालजींना नेलं होतं ते कोविड सेंटर म्हणजे एक वसतिगृह होतं. बाहेर मांडवात टेबलामागे झुलाल गुरुजी बसले होते. मूळचे प्राथमिक शिक्षक, त्यांना या कामावर नेमलेलं. मी नाव सांगताच त्यांनी मुखपट्टीवरून डोळे मोठे केले.

"बाविस्कर म्हणजे फळेवाले काका? तुमच्या फळ्याचा फोटो आमच्या शिक्षकांच्या गटावर आला होता. चार फेऱ्या मारणारे आजोबा. फार बरं वाटलं हो वाचून. इथे दिवसभर काय बघतो आम्ही, तुम्हाला सांगतो. बघा, मी फोटो जपून ठेवला आहे." त्यांनी मोबाईल काढून मला माझंच अक्षर दाखवलं. मग रजिस्टर उघडलं. बोट खाली नेलं, पान उलटलं, पुन्हा मागे आले.

"कोठारी मांगीलाल. हे तर इथे नाहीत. गेल्या सोमवारीच दुपारी धुळ्याला हलवलं. ऑक्सिजन कमी झाला होता." त्यांनी मोबाईलमधल्या फोटोवरची तारीख बघितली. "तुमच्या चार फेऱ्या बुधवारच्या आहेत."

"हो."

"म्हणजे इथल्या नाहीत."

"कुठल्याच नाहीत," मी म्हटलं.

झुलाल गुरुजींनी मोबाईल हळूच उलटा करून टेबलावर ठेवला. मला माझ्या आयुष्यात बऱ्याच वरिष्ठांनी बरंच काही सुनावलं आहे. त्या उलट्या ठेवलेल्या मोबाईलइतकं काहीच लागलं नाही. "घरी कळवलं होतं," ते म्हणाले, "पेशंटने दिलेल्या नंबरावर दोनदा फोन केला. कोणी उचलत नाही." नंबर बघितला तर तो दुकानाचा होता. मोबाईल जवळ नाही, आणि चाळीस वर्षं पाठ असलेला नंबर तोच एक. बंद शटरच्या आत फोन वाजून गेला होता.

गुरुजींनी धुळ्याच्या वॉर्डाचा नंबर कागदावर लिहून दिला. त्यांचंही अक्षर चांगलं होतं.

मी मांडवाबाहेरच उभं राहून फोन लावला. वळवी नावाच्या सिस्टर बोलल्या. "कोठारी बाबांचे तुम्ही कोण? कोणी तरी फोन केला हे बरं झालं. आज आठ दिवस झाले, कोणी विचारलं नाही. ऑक्सिजन आता बरा आहे, पण बाबा खातच नाहीत. संध्याकाळचा डबा इथे साडेसातला येतो. बाबा खिडकीकडे बघतात आणि हात जोडतात. दुपारचेही दोन घास. अंगात ताकद कशी येणार? थांबा, देते."

बराच वेळ खरखर. मग तो कधी न चढलेला आवाज, आणखी बारीक झालेला.

"कोण?"

"अभिमन. समोरचा."

"अभिमनभाऊ." थोडं थांबून ते म्हणाले, "घरी कोणी आहे का भाऊ? मला खरं सांगा. आठ दिवसांत कोणाचा फोन नाही. मला वाटलं, झमकूलाही नेलं. रोनकलाही झालं. सगळे गेले आणि मला कोणी सांगत नाही."

"सगळे बरे आहेत," मी म्हटलं. इतक्या दिवसांत मी त्यांच्याविषयी बोललेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. "काकू घरी आहेत, रोनक सुरतेत आहे. फोन न करणं ही आमची चूक झाली."

"मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि फोन पुन्हा सिस्टरच्या हातात गेला.

परत येताना नाना गाडी चालवत होते आणि मी खिडकीतून बंद दुकानं बघत होतो. फळ्यावर मी काही लिहिलं नसतं तर रोनकने धुळं शोधलं असतं. झमकूबाईंनी आकाशपाताळ एक केलं असतं. निदान बेबाबाईंनी तरी कुणाला विचारलं असतं. मी सगळ्यांना निश्चिंत करून टाकलं होतं, आणि त्या निश्चिंतीत म्हातारा माणूस आठ दिवस छताकडे बघत पडला होता. सूर्यास्ताआधी जेवण मिळालं नाही म्हणून उपाशी. आणि इकडे त्याने रात्री खाल्लं म्हणून बायको उपाशी.

गुन्हा एकांतात कबूल करायची सोय त्या काळात नव्हती. बांबूच्या आत जाता येत नव्हतं. मी रस्त्यावर, गॅलरीखाली उभा राहिलो आणि हाक मारली. झमकूबाई कठड्याला धरून आल्या. मी म्हटलं, "काकू, फळ्यावरचं खोटं होतं."

त्यांना जरा कमी ऐकू येतं. "काय म्हणता भाऊ? मोठ्याने."

"मी खोटं लिहिलं."

"कोणाचं पोट?"

उजवीकडची खिडकी उघडली. डावीकडची उघडली. पुनम गच्चीवर आली. मी श्वास घेतला आणि ओरडलो, "मी खोटं लिहिलं. मला काहीही माहीत नव्हतं. फेऱ्या खोट्या, भजन खोटं, खिचडी खोटी. ते इथे नव्हतेच. ते धुळ्याला आहेत. आज मी त्यांच्याशी बोललो."

कॉलनीत इतकी शांतता लॉकडाउनच्या पहिल्या दिवशीही नव्हती.

झमकूबाई कठड्यावरून पुढे वाकल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे रात्री त्यांनी खाल्लं नाही?"

"एकदाही नाही. डबा उशिरा येतो म्हणून रोज उपाशी झोपतात."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला खाली बघावंसं वाटलं. त्या कठड्याला टेकल्या. "शुद्धीवर आहेत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग भाऊ, इतके दिवस त्यांना कोणीच विचारलं नाही?"

मी नंबर लिहिलेला कागद दोरीला बांधला. त्यांनी तो वर ओढला आणि आत गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा फोनवरचा आवाज रस्त्यापर्यंत आला. रागावत होत्या, रडत होत्या आणि मारवाडीत काहीतरी विचारत होत्या.

मी घरी येऊन खुर्चीत बसलो आणि लाज वाटून घेऊ लागलो. ते काम मी मन लावून करत असताना कोकिळा म्हणाली, "ते नंतर करा. आधी कौतिकला फोन लावा."

कौतिक म्हणजे तिचा धाकटा भाऊ, धुळ्यात राहतो. त्याच्याशी मी अकरा वर्षं बोललो नव्हतो. त्याच्या मुलीच्या लग्नात मला फेटा बांधला तो आधी दुसऱ्या एका पाहुण्याच्या डोक्यावरून काढलेला होता. कारण लहान वाटेल, पण फेटा अजून गरम होता.

"तूच लाव," मी म्हटलं.

"मी खोटं लिहिलं नव्हतं," कोकिळा म्हणाली.

मी लावला. पलीकडून घाबरा आवाज आला. "दाजी? काय व्हयनं? अक्का बरी शे ना?"

मी त्याला सगळं सांगितलं. आज सलग चौथ्यांदा सांगत होतो आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाईट वाटत होतं. शेवटी म्हटलं, "रोज साडेपाचच्या आत डबा पोचला पाहिजे. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको."

"मग वांगं?"

"वांगंही नको."

खानदेशातल्या माणसाला हे पचवायला वेळ लागतो. मग कौतिक म्हणाला, "बठ्ठं मी दखी लिसू, दाजी. तुम्ही काळजी नका करू." फेट्याचा विषय त्याने काढला नाही. मीही काढला नाही, आणि या वेळी तो माझ्या मनात आलाही नव्हता, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं.

त्या दिवसापासून कौतिकच्या घरून मुगाची डाळ आणि फुलके पाच वाजता निघू लागले. वळवी सिस्टर दारातून डबा घेऊन जायच्या. झमकूबाईंनी उपवास सोडला. मी रोज दुपारी वॉर्डात फोन करायचो, ऐकलेलं झमकूबाईंना गॅलरीखालून ओरडून सांगायचो, आणि त्या म्हणायच्या, "मला माहीत आहे, भाऊ. मी सकाळीच बोलले." तरी मी सांगायचो. फळ्यावर मी त्यानंतर काही लिहिलं नाही. खडूचा डबा नानांनी स्वतःकडे नेऊन ठेवला होता.

बारा दिवसांनी मांगीलालजी घरी आले. कॉलनीने टाळ्या वाजवल्या. मी न्हाणीघरात होतो. कोकिळेने दाराबाहेरून सांगितलं की नळ चालू ठेवून उपयोग नाही, पाणी आज येणार नाही हे सगळ्यांना माहीत आहे.

आणखी आठवडाभराने मी त्यांच्याकडे गेलो. बांबू निघाले होते. ते अंगणात खुर्चीवर बसले होते, अंगावरचा सदरा दोन माणसांचा वाटत होता. मी दोन हात लांब स्टुलावर बसलो. मी बोलायला सुरुवात करणार तोच ते म्हणाले, "रोनकने मला फळ्याचे फोटो दाखवले. मी तिथे एवढा मजेत होतो हे मला माहीत नव्हतं."

ते हसत आहेत की नाही हे मुखपट्टीमुळे कळत नव्हतं. मी मान खाली घातली.

"त्या बुधवारी, तुम्ही चार फेऱ्या लिहिल्या त्या दिवशी," ते म्हणाले, "मला कुशीवर वळता येत नव्हतं. शेजारच्या खाटेवर पहूरचा एक शेतकरी होता. तो दिवसभर बोलायचा. त्याची म्हैस व्यायला झाली होती, आणि घरचे फोनवर त्याला सांगायचे, आज नाही, आज नाही. तो मला म्हणायचा, शेठ, म्हैस माझ्यासाठी थांबली आहे. गुरुवारी ती व्याली. पारडी झाली. त्याने वॉर्डातल्या प्रत्येकाला नाव सुचवायला सांगितलं. मी गौरी सांगितलं. सिस्टरने लक्ष्मी सांगितलं. त्याने दोन्ही नाकारली." ते थांबले, दम घेतला. "शनिवारी त्याला खालच्या वॉर्डात नेलं. पुढे त्याचं काय झालं मला कोणी सांगितलं नाही. मीही फार विचारलं नाही. भीती वाटली."

मी ऐकत राहिलो. बराच वेळ. सिस्टरच्या पोशाखात तिला किती घाम यायचा ते, पोशाखावर छातीशी तिने पेनाने आपलं नाव लिहिलेलं असायचं ते, रात्री कोण रडायचं ते. मध्ये एकदाही मला काही सांगावंसं वाटलं नाही. शेवटी मी म्हटलं, "मांगीलालजी, माझं चुकलं."

"हो," ते म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात झमकूबाई आतून ताटली घेऊन आल्या. दोन खाकरे, वर तूप, बाजूला मेथीचा लाडू. त्यांनी ती माझ्या स्टुलाजवळ पायरीवर ठेवली.

"नको काकू, मी आत्ताच—"

"खाऊन घ्या," त्या म्हणाल्या. त्यांनी रस्त्यापलीकडे, आमच्या घराच्या गच्चीवर टेकलेल्या उन्हाकडे बघितलं. "अजून पंधरा मिनिटं आहेत."

मी खाकरा तोंडात घातला. त्या पाणी घेऊन आल्या, आणि ताटली रिकामी होईपर्यंत समोर उभ्या राहिल्या.